टिकोजीनं घासलेली मासेखोली

आमच्या टिकोजीला घासायचं वेड आहे. माझा लोखंडी तवा, सासूबाईंच्या काळापासून तेल पिऊन पिऊन काळा कुळकुळीत झालेला. त्यावर भाकरी कधी चिकटली म्हणून नाही. या पठ्ठ्यानं तो घासून घासून पांढरा केला आणि माझ्या नाकासमोर धरून म्हणतो कसा, "आक्का, डाग गेला."

डाग म्हणे! त्या दिवशी पहिली भाकरी तव्यानं अशी धरून ठेवली की उलथनं वाकलं, पण भाकरी सुटली नाही.

टिकोजी म्हणजे आमच्या घरचा यंत्रमानव. माझ्या मुलानं आणला. कंपनीनं त्याला आकड्यांचं काहीतरी नाव दिलं होतं, ते माझ्या तोंडात बसेना. पहिल्या दिवशी तो अशी छाती काढून दारातून आत आला की मी म्हटलं, "आला मोठा टिकोजी!" त्यानं तेच आपलं नाव समजून लक्षात ठेवलं. तेव्हापासून तो टिकोजी आणि मी त्याची आक्का.

पोरांनो, मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण इचलकरंजीत आठ माग चालवले. नुसत्या आवाजावरून सांगायची, कुठल्या मागावर धागा तुटलाय ते. त्यामुळे कोणी सांगितलं आणि मी मान डोलावली, असं माझ्याकडून होत नाही. आणि म्हणूनच टिकोजीनं पुढे जो घोळ घातला, त्यानं मी चक्रावले. त्यानं पाणी स्वच्छ केलं, आणि त्या स्वच्छ पाण्यात मासे गुदमरायला लागले! पिवळट पाण्यात जे मासे उड्या मारत होते, ते काचेसारख्या पाण्यात का गुदमरावेत? तुम्हीच सांगा. नाही ना सांगता येत? मग ऐका.

माग विकले आणि मागाची खोली रिकामी झाली. मी तिथं मिरच्या वाळवायचं मनात ठरवलं होतं. तेवढ्यात माझी नात शाल्मली कंबरेवर हात ठेवून पुढे उभी राहिली. वय अकरा, जीभ माझ्यावर गेलेली.

"आज्जी, ही खोली मला हवी. मासेखोली करायची आहे."

"मासे बाजारात असतात, नाहीतर नदीत. घरात खोली कशाला त्यांना? उद्या पलंग मागतील."

तिच्या पाठीमागे माझे धाकटे दीर उभे होते, दिगंबर भाऊजी. गोड्या पाण्यातल्या जिवांचे शास्त्रज्ञ. नोकरी संपवून पलीकडच्या गल्लीत राहायला आले आणि या पोरीला फूस लावू लागले.

"वहिनी," ते म्हणाले, "अशी खोली शोधून सापडायची नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. चार फुटांची टाकी भरली की अडीचशे किलो, म्हणजे सिमेंटची पाच पोती! अशा तीन टाक्या वरच्या मजल्यावर ठेवायला छाती होत नाही. पण इथं तुमचे माग धडधडत होते. ही जमीन काय हलणार आहे?"

माझ्या मागांचं नाव काढलं की मी थोडी मऊ होते, हे भाऊजींना पक्कं ठाऊक आहे. तरी मी अट घातलीच. "जिवंत जिवाशी खेळ चालणार नाही. तुमच्या हयगयीनं मासे मेले, तर खोली माझी आणि तिथं माझ्या मिरच्या. मंजूर?"

शाल्मलीनं हात पुढे केला. "मंजूर."

मग काम सुरू झालं. लोखंडी चौकटी आल्या. त्या अगदी समपातळीत बसवल्या, कारण टाकी एका बाजूला कलली की पाण्याचा सगळा भार एकाच काचेवर येतो. काचेखाली थर्माकोलचा पातळ थर घातला. का? तर खाली वाळूचा एखादा खडा राहिला तर काच तिथूनच तडकते. थर्माकोल दबतो आणि खड्याला पोटात घेतो. उन्हाची खिडकी झाकली, नाहीतर शेवाळ माजतं. भिंतीत पंखा बसवला, ओल बाहेर फेकायला. मला हसू आलं. सूत तुटू नये म्हणून याच खोलीत आम्ही मुद्दाम पाणी शिंपडून ओल धरायचो!

टाक्या भरल्या. प्रत्येकीत फिल्टर लागला. फिल्टर म्हणजे पाणी ओढून स्पंजमधून फिरवणारं यंत्र. झाडं लागली, दिवे लागले. आणि मासे? मासे नाहीतच! महिना उलटून गेला तरी भाऊजी रोज येत आणि रिकाम्या पाण्यात चिमूटभर माशांचं खाणं टाकून जात.

"भाऊजी, पाण्याला जेवण घालताय? कुणाचं श्राद्ध आहे का?"

"पाहुणे आलेत, वहिनी. दिसत नाहीत इतकंच."

शिकलेली माणसं उतारवयात अशी होतात, म्हणून मी सोडून दिलं. पुढे एकदाचे मासे आले. एका टाकीत पट्ट्यापट्ट्यांचे झेब्रा, एकीत पंख पसरून मिरवणारे एंजल, एकीत सोनमासे. कोपऱ्यात एक लहान टाकी, तिच्यात गप्पीची पिल्लं, तिळाएवढी. टिकोजी रोज मोजून खाणं घाली. मी त्या खोलीत फक्त देखरेखीला जायची. रोज जायची, ते सोडा.

शाल्मलीचं दुसरं वेड म्हणजे चंद्राचे फोटो. भाऊजींनी तिला कॅमेरा आणि तीन पायांची घोडी दिली होती. पहिला फोटो तिनं मला दाखवला. काळ्या कागदावर पांढरा गोळा.

"हे काय, ज्वारीची भाकरी?"

पोरगी हिरमुसली. भाऊजी हसले. "शाल्मली, चंद्रावर आत्ता काय आहे, दिवस की रात्र?"

"आपल्याकडे तर रात्र आहे."

"आपल्याकडे. पण चंद्राचा जो भाग चमकतो, तिथं सूर्याचं ऊन पडलंय. म्हणजे तू भर उन्हातल्या दगडाचा फोटो काढतेस. कॅमेऱ्याला वाटतं, सगळं अंधारलंय, म्हणून तो डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो आणि चंद्र उजेडात वाहून जातो. त्याला सांग, उन्हात काढतोस तसा काढ, झटकन डोळा मिट."

तिनं तसं केलं. आणि काय सांगू! भाकरीवर खड्डे उमटले, डोंगर उमटले, त्यांच्या सावल्या उमटल्या. तो फोटो मी देवघराशेजारी लावलाय. कोणी विचारलं तर सांगते, जागा रिकामी होती म्हणून.

मग आलं चंद्रग्रहण, तेही ग्रस्तोदित. म्हणजे चंद्र उगवायचा तोच ग्रहण लागलेला. भाऊजी त्या दिवशी व्याख्यानाला परगावी गेले होते, पण शाल्मलीला सगळं शिकवून गेले होते. संध्याकाळी आम्ही सगळी गच्चीवर. घरात टिकोजी एकटा.

चंद्र वर आला आणि बघता बघता तांब्याच्या घंगाळासारखा लाल झाला. "आज्जी, पृथ्वी मध्ये आलीय," शाल्मली कॅमेऱ्यातून डोळा न काढता सांगत होती. "तिची सावली चंद्रावर पडलीय. पण पृथ्वीभोवतीच्या हवेतून थोडं ऊन वळून पलीकडे जातं. त्यातला निळा रंग वाटेत विखुरतो आणि लाल तेवढा पोचतो. आता चंद्र अंधुक आहे ना, म्हणून आता कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवायचा." टकटक फोटो काढत होती. तिच्या तोंडावरचा आनंद बघून मी ग्रहणाकडे बघायचंच विसरले.

ग्रहण सुटल्यावरही शाल्मली कितीतरी वेळ फोटो काढत राहिली, त्यामुळे आम्ही खाली आलो ते बऱ्याच उशिरा. मासेखोली लखलखत होती. तिन्ही टाक्यांतलं पाणी इतकं नितळ की मासे हवेत तरंगताहेत असं वाटावं. वाळू पांढरी शुभ्र, स्पंज नव्यासारखे.

"शाब्बास टिकोजी!" मी म्हटलं. हो, मीच म्हटलं. शाल्मलीलाही ते पाणी आवडलं.

दोन दिवस बरे गेले. मग एका सकाळी शाल्मलीची हाक आली, "आज्जी, लवकर ये!"

सगळे मासे वर येऊन, पाण्याबाहेर तोंडं काढून, आ वासून श्वास घेत होते. एंजलचे पंख मिटले होते. एक सोनमासा तळाशी कलता पडला होता. आणि पाणी? तसंच, काचेसारखं.

"टिकोजी! काय केलंस?"

"पाणी तपासलं, आक्का. माती नाही, रंग नाही, वास नाही. माणसाला पिण्यासारखं आहे."

"मग मासे का मरायला टेकलेत?"

"ते माहीत नाही, आक्का."

शाल्मली रडत नव्हती. काचेला हात टेकून नुसती उभी होती.  मिरच्यांची अट मीच घातलेली, पण त्या क्षणी मला मिरच्या नको होत्या. मी मुलाला सांगितलं, "कंपनीला फोन कर. शनिवारी येऊन हे यंत्र घेऊन जा म्हणावं." आणि भाऊजींना बोलावून घेतलं.

भाऊजी आले ते धापा टाकतच. त्यांनी काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं आणि त्यात औषधाचे थेंब टाकले. "पाणी पिवळं झालं तर ठीक. हिरवं झालं तर अमोनिया."

पाणी हिरवंगार झालं.

"अमोनिया म्हणजे?" मी विचारलं.

"गोठ्यात शिरलं की नाकात जातो ना, तो उग्र वास? तो अमोनियाचा. मासे तो सतत अंगाबाहेर टाकतात, बराचसा कल्ल्यांतून (माशांचा श्वास घेण्याचा अवयव). तो पाण्यात विरघळतो, दिसत नाही. थोडा असला तर वासही येत नाही. पण माशांचे कल्ले भाजून काढतो."

"म्हणजे," शाल्मली हळूच म्हणाली, "स्वच्छ दिसणारं पाणी स्वच्छ असेलच असं नाही?"

"बरोब्बर. मग सांग, आधी मासे मजेत कसे होते? तेव्हाही ते अमोनिया टाकतच होते."

"कोणीतरी तो काढत असणार."

"कोण?"

  भाऊजींनी स्वच्छ धुतलेला स्पंज उचलला. "इथं राहणारे. जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे, अतिशय बारीक जीव). त्यांच्या दोन टोळ्या असतात. पहिली टोळी अमोनिया खाते आणि त्याचं नायट्राइट करते. तेही माशांना विषच. मग दुसरी टोळी नायट्राइट खाते आणि त्याचं नायट्रेट करते. ते त्या मानानं सौम्य. झाडं ते खत म्हणून घेतात, उरलेलं आपण आठवड्याला थोडं पाणी बदलून काढतो."

मला एकदम उमगलं. "कांडीवाली कांड्यांवर सूत भरून देते, मग मागवाला विणतो. तसंच की हे! कांडीवाली आली नाही तर माग बंद."

"तसंच, वहिनी. आणि त्या टोळ्या पाण्यात फारशा तरंगत नाहीत. स्पंजच्या छिद्राछिद्रांत, वाळूच्या कणाकणावर चिकटून राहतात. नुसतं पाणी बदललं असतं तर इतकं बिघडलं नसतं. पण हा स्पंज नळाखाली घासला कोणी? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, रोगजंतू मारायचं औषध. ते काही चांगला जिवाणू आणि वाईट जिवाणू असा भेद करत नाही."

टिकोजी पुढे झाला. "टाकी भरताना मी क्लोरीन घालवायचे थेंब घातले होते."

"माशांसाठी घातलेस, बाबा. स्पंज घासताना कुठे घातलेस? पण मुळात तुला घासायला सांगितलं कोणी?"

"आक्कांनी."

माझा पारा चढला. "मी? मी कधी?"

"मागच्या ग्रहणाला," टिकोजी शांतपणे म्हणाला आणि त्याच्या छातीतून माझाच आवाज आला, अगदी हुबेहूब: "ग्रहण सुटलं की साठवलेलं सगळं पाणी ओतून टाकायचं, भांडं न् भांडं घासायचं, ताजं भरायचं. तुळशीचं पान ठेवलेलं तेवढं राखायचं. कळलं का रे?"

"अरे, ते माठाचं! हंड्याचं!"

"शब्द 'सगळं' असा होता, आक्का. टाकी हे काचेचं भांडं आहे."

भाऊजींनी तोंडावर रुमाल धरला. हसत होते, मला कळलं. शाल्मली मात्र हसली नाही. "आजोबा, मासे वाचतील का?"

भाऊजींचं हसू मावळलं. "टोळ्या पुन्हा वाढायला महिना तरी लागेल. मी रिकाम्या टाकीत खाणं टाकायचो ते त्याचसाठी. खाणं कुजून अमोनिया व्हायचा आणि तो खाऊन त्या वाढायच्या. आता रोज थोडं थोडं पाणी बदलू, खाणं जवळजवळ बंद करू. पण एवढ्यावर महिना निघेल असं वाटत नाही."

"मग महिना कशाला थांबायचं?" मी म्हटलं. "दूध आपलं आपण आंबायची वाट बघत बसतो का आपण? चमचाभर विरजण लावतो आणि सकाळी दही!"

"विरजण आहे, वहिनी. चालू टाकीतला वापरता स्पंज, हेच विरजण. पण बाहेरून आणला तर त्याच्याबरोबर रोगही येतील. खात्रीचा हवा, आणि आपल्या घरचे तर सगळे..."

ते बोलता बोलता थांबले. कोपऱ्यातल्या लहान टाकीकडे बघत होते. मी चटकन तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि पदर पसरला. उपयोग झाला नाही. शाल्मली माझ्या काखेखालून पलीकडे गेली.

"आजोबा! ही टाकी घासलेलीच नाही! पिल्लं बघा कशी पळताहेत! स्पंज तसाच आहे, तपकिरी! आणि हे काय तरंगतंय?... तुळशीचं पान?"

तिनं ते पान बोटानं उचललं.

"हे पान कोणी टाकलं?" तिनं विचारलं.

"आक्कांनी," टिकोजी म्हणाला. "ग्रहणाआधी. इकडे तिकडे बघून."

"चहाडखोर मेला!" मी म्हटलं. "तिळाएवढी लेकरं ती! टाकलं एक पान, काय बिघडलं?"

शाल्मलीनं मला अशी मिठी मारली की मी भिंतीवर आदळले. भाऊजी पोट धरून हसत होते. "वहिनी, ग्रहणानं पाण्याला काही होत नाही, आणि तुळशीनं त्यांना ग्रहणापासून वाचवलंही नाही. टिकोजीपासून वाचवलं!"

मग आमची धावपळ सुरू झाली. भाऊजींनी तो तपकिरी स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात भिजवून ठेवला, वाळू दिला नाही. टिकोजीला म्हणाले, "चार तुकडे कर. तीन मोठ्या टाक्यांना, एक पिल्लांना."

"आधी हात साबणानं धुऊ का?"

"नको!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

त्यानं तुकडे असे सारखे कापले की शिंप्यानं पाणी भरावं. ते मोठ्या फिल्टरच्या आत, धुतलेल्या स्पंजला लगटून बसवले. मग पाणी बदलायचं काम. थोडंच काढायचं, क्लोरीन घालवलेलं थोडंच भरायचं. शाल्मली शाळेतून आली की आधी नळीत पाणी घ्यायची आणि थेंब टाकायची. पहिले काही दिवस हिरवंच. मग फिकट हिरवं. एकदा अमोनिया उतरला तर नायट्राइट चढलं. भाऊजी म्हणाले, "घाबरू नका. पहिली टोळी कामाला लागली, दुसरी अजून यायची आहे." कांडीवाली आली होती, मागवाला वाटेत होता. मग तोही आला.

आणि एका दुपारी नळीतलं पाणी पिवळंधम्मक झालं. हळदीसारखं. शाल्मली खोलीभर नाचली. झेब्रे पुन्हा शिवाशिवी खेळत होते. एंजलनं पंख उघडले. तळाशी कलणारा सोनमासा सगळ्यांत शेवटी सावरला, पण आता सगळ्यांत आधी खायला तोच येतो. पाणी किंचित पिवळट झालं होतं आणि स्पंजवर तपकिरी थर धरत होता. मी म्हटलं, "असू दे. माझ्या जुन्या तव्यासारखा दिसतोय."

एकही मासा मेला नाही. मिरच्या यंदा गच्चीवर वाळल्या.

कंपनीची गाडी मात्र शनिवारी आली नव्हती. माणूस आजारी होता म्हणे. ती त्यानंतर दोन आठवड्यांनी येणार होती. आदल्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर होतो. कोवळा चंद्र पश्चिमेला टेकला होता आणि शाल्मली त्याच्या काळ्या भागाचा फोटो काढायला धडपडत होती.

"आजोबा, चंद्रावर आता माणसं राहायला लागलीत. तिथं मासेखोली झाली तर?"

"होणारच. मासे खायला मिळतील, माशांच्या पाण्यावर भाज्या वाढतील. पण तिथं ना नदी, ना ओढा, ना माती. जिवाणूसुद्धा नाहीत."

"म्हणजे विरजण इथूनच न्यावं लागेल."

"आणि ते जपून नेणारं कोणीतरी."

"मी!" शाल्मली म्हणाली. "आणि आज्जी, तिथून चंद्रग्रहण कसं दिसेल सांगू? मध्ये काळी पृथ्वी आणि तिच्याभोवती लाल कडं. जगातल्या सगळ्या सूर्योदयांचं आणि सूर्यास्तांचं एकच कडं! फोटो पाठवीन तुला."

"पाठव. आणि स्वेटर ने."

टिकोजी जिन्याच्या दारात उभा होता. "आक्का, उद्या गाडी येणार आहे. मी माझी चार्जिंगची पेटी बांधू का?"

शाल्मलीनं माझ्याकडे बघितलं. भाऊजी आकाशाकडे बघू लागले. पाणी बदलताना बादल्या वाहून त्या यंत्राच्या कोपरावरचा रंग उडाला होता. आणि या सगळ्या दिवसांत त्यानं एकदाही म्हटलं नव्हतं, की चूक तुमची होती, आक्का.

"पेटी राहू दे," मी म्हटलं. "गाडीवाल्याला चहा पाजून परत पाठव. आणि ऐक टिकोजी. उद्यापासून मी सांगीन ते सगळं जसंच्या तसं करायचं नाही. आधी विचारायचं, का म्हणून? समजलं?"

 टिकोजीच्या आतून बारीक घरघर आली. मग म्हणाला, "पण आक्का, हे तरी मी जसंच्या तसं का करायचं?"

भाऊजींना ठसका लागला. मी उठले, त्या रंग उडालेल्या कोपरावर हात ठेवला आणि म्हटलं, "टिकोजी, या घरात आल्यापासून तू पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललास. आता तू आमच्यातला."